चऱ्होलीत मी ‘लुक आफ्टर’ शिकले

आम्ही मूळचे परभणीकडचे. नवऱ्याला चाकणच्या एका कंपनीत प्रेस मशीनवर काम लागलं तेव्हा आधी भोसरीत भाड्याच्या खोलीत राहिलो, मग चऱ्होलीत तिसऱ्या मजल्यावर छोटा फ्लॅट घेतला. मुलगी आकुर्डीच्या कॉलेजात जायला लागली, नवरा शिफ्टला, आणि दुपारचं घर मला खायला उठायला लागलं. आमच्याच सोसायटीच्या तळमजल्यावर, मेडिकल आणि किराणा दुकानाच्या मधल्या गाळ्यात, नवीन पाळणाघर निघालं होतं. मुलं सांभाळायला बाई पाहिजे, असा कागद काचेवर चिकटवला होता. मी मराठी शाळेतून बारावी झालेली. लेकरं मला पहिल्यापासून आवडतात. साडी बदलली आणि खाली गेले.

आत रंगीत गाद्या पसरलेल्या होत्या आणि त्यावर पाच-सहा लेकरं. एक कोपऱ्यात भोकाड पसरून रडत होतं. पाळणाघर चालवणाऱ्या मॅडम फोनवर कुणाशी तरी बोलत होत्या. त्या नागपूरच्या, वयाने माझ्याहून बऱ्याच लहान. हिंजवडीला कॉम्प्युटरची नोकरी करायच्या. स्वतःच्या मुलीला ठेवायला धड जागा मिळेना म्हणून नोकरी सोडून त्यांनी हेच काढलं, असं मला नंतर कळलं. त्यांनी फोन कानापासून दूर धरून माझं नाव, गाव विचारलं, मुलांकडे हात केला आणि म्हणाल्या, “कॅन यू लुक आफ्टर देम?”

मला त्यातले दोन शब्द कळले. लुक म्हणजे बघणे. आफ्टर म्हणजे नंतर. मला वाटलं, त्या म्हणतायत की मुलांना नंतर बघा.

“नंतर कशाला?” मी म्हणाले, “आत्ताच बघते की.”

चप्पल काढून आत गेले आणि त्या रडणाऱ्याला कडेवर घेतलं. त्याचं नाक पुसलं, खिडकीशी नेऊन रस्त्यावरून चाललेला काँक्रीटचा मिक्सर दाखवला. मिक्सरचं पोट कसं गरगर फिरतंय ते बघता बघता ते गप्प झालं. वळून पाहिलं तर मॅडम दारात उभ्या राहून हसत होत्या. माझं काही चुकलं का, हे विचारायची हिंमत झाली नाही. त्या म्हणाल्या, उद्यापासून या.

त्या का हसल्या ते संध्याकाळी मुलीने सांगितलं. ती आधी पोट धरून हसली आणि मग माझ्या शेजारी बसली. “आई, हे दोन शब्द सुटे वाचायचे नसतात. जोडीने घ्यायचे. लुक आफ्टर म्हणजे सांभाळणं, काळजी घेणं.”

मी विचारलं, मग त्यातलं ‘नंतर’ कुठे गेलं? ती म्हणाली, कुठेच गेलं नाही, इंग्रजीत असंच असतं, त्याला फ्रेजल व्हर्ब म्हणतात, पाठ करून टाकायचं. मला ते काही पटलं नाही. शब्द आहे म्हणजे त्याला काहीतरी काम असणारच. पण नोकरी लागली होती, आनंदात होते, म्हणून वाद घातला नाही.

पाळणाघराचा मोबाइलवर एक ग्रुप होता आणि त्यावर आईवडिलांचे सगळे निरोप इंग्रजीत यायचे. कुणी ओडिशाचे, कुणी केरळचे, कुणी आपले सांगली-साताऱ्याचे. पण लिहायचं म्हटलं की सगळे इंग्रजीत. मॅडम मला वाचून दाखवायच्या. हळूहळू मी स्वतःच वाचायला लागले, आणि बघते तर तो माझा शब्द जिकडेतिकडे. आज तिची आजी तिला लुक आफ्टर करते आहे, त्यामुळे ती येणार नाही. कृपया त्याच्या नव्या बाटलीला लुक आफ्टर करा, मागची हरवली. एका वडिलांनी विचारलं होतं की फीचं कोण लुक आफ्टर करतं. मी मुलीला म्हणाले, बाटलीची आणि फीची कसली काळजी घ्यायची? ती म्हणाली, तेही त्यात येतं, जबाबदारी कुणाकडे आहे असं विचारायचं असलं की चालतं.

तेव्हा मला वाटलं, हे तर आपलंच आहे. आपण नाही का म्हणत, दुकानाचं थोरला बघतो, आईचं धाकटा बघतो? तुमच्या मुलांचं कोण बघतं, असं आपण विचारतो तेव्हा नुसते डोळे लावून बसण्याबद्दल थोडंच विचारत असतो. लुकचा हिशोब लागला होता. आफ्टरचा राहिला होता.

तो लागला खिडकीपाशी. सकाळी मुलांच्या आया त्यांना सोडून जायच्या तेव्हा बहुतेक मुलं दोन मिनिटं रडून खेळायला लागायची. पण ओडिशाच्या जोडप्याची एक मुलगी होती, दोन वर्षांची असेल, ती रडायची नाही. ती खिडकीच्या गजाला धरून उभी राहायची आणि आईची स्कूटर कोपऱ्यावर वळून दिसेनाशी होईपर्यंत बघत राहायची. वळल्यावरही थोडा वेळ तिथेच. मी तिच्या मागे उभी राहायचे. एके दिवशी हे घरी सांगितलं तर मुलीने फोनमध्ये डिक्शनरी उघडली आणि वाचत वाचत म्हणाली, “आई, ऐक. आफ्टर म्हणजे नुसतं नंतर नाही, मागेसुद्धा. लुक आफ्टर म्हणजे जाणाऱ्या माणसाच्या मागे बघत राहणं, हाही अर्थ दिलाय इथे.”

मी म्हणाले, आता पटलं.

पाळणाघराला सहा-सात महिने झाले असतील तेव्हाची गोष्ट. उन्हाळा होता. मॅडम बाहेर गेल्या होत्या, मुलांची जेवणं चालली होती. दार लोटलेलं होतं, ते उघडून एक म्हातारी बाई आत आली. नऊवारी, डोक्यावर पदर, पायात काही नाही. एवढ्या उन्हात अनवाणी चालत आलेली. कुणाची तरी आजी न्यायला आली असेल म्हणून मी विचारलं, कुणाला घ्यायला आलात?

त्या गाद्यांकडे बघत म्हणाल्या, “पोरं उनात पडल्यात का बघाया आले. झोळी कुटं बांदली?”

मला काही कळेना. त्यांनी प्रत्येक मुलाजवळ जाऊन बघितलं, आणि सगळी सावलीत आहेत अशी खात्री झाल्यावर गादीवर बसल्या. तोवर केरळचा एक मुलगा पेंगायला लागला होता. त्यांनी त्याला आडवं केलं आणि थोपटायला सुरुवात केली. मी जवळच बसून राहिले. वरण-भाताच्या ताटल्या तशाच पडल्या होत्या, पण त्या बाईंवरून नजर काढायचा धीर होईना. थोपटण्यात मात्र काही चूक नव्हती. पोरगं झोपलं.

अर्ध्या तासाने माझ्याच वयाची एक बाई धावत आली. चेहरा उतरलेला, श्वास लागलेला. आजींना बघितल्यावर ती दारातच पायरीवर बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. त्या तिच्या सासूबाई. सोसायटीच्या मागे जो पिवळा बंगला आहे तो त्यांचा. आमची सोसायटी ज्या जमिनीवर उभी आहे तीही त्यांचीच होती. आजींना दोन वर्षांपासून विस्मरणाचा आजार जडला होता. घरात कुणाचा डोळा चुकला की त्या उठून शेताकडे निघायच्या, आणि शेत म्हणजे आता आमच्या बिल्डिंगी. खुरपायला यायचं तेव्हा बांधावरच्या बाभळीला झोळी बांधून तान्ही लेकरं त्यात ठेवायची, ते त्यांच्या डोक्यात राहिलं होतं. पाळणाघरातल्या मुलांचा आवाज ऐकून त्या आत आल्या होत्या.

“रोज धुंडते, ताई,” ती म्हणाली. “मालक साईटवर असत्यात. मी एकली. न्हानीत जायाची बी चोरी.”

मी तिला पाणी दिलं. आजी उठायला तयार नव्हत्या. पोरगं जागं होईल म्हणाल्या. मग मीच म्हणाले, बसू द्या थोडा वेळ, मी आहे. वहिनी, म्हणजे त्यांची सून, बंगल्याचं दार उघडं टाकून आली होती. ते लावून यायला गेली आणि आली तेव्हा आजीही मुलाशेजारी झोपल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा आल्या. तिसऱ्या दिवशी वहिनीच हाताला धरून घेऊन आली. मॅडमना मी सगळं सांगितलं होतं. त्यांना वाईट वाटत होतं, पण त्या घाबरल्याही होत्या. लोकांची मुलं आहेत, उद्या काही झालं तर उत्तर कोण देणार? त्यांचंही बरोबर होतं. आणि तेवढ्यात एका आईने संध्याकाळी मुलाला न्यायला आल्यावर आजींना बघितलं. रात्री ग्रुपवर निरोप आला. मी तो स्वतः वाचला आणि मला पूर्ण कळला. ही बाई कोण आहे, आणि तिला कोण लुक आफ्टर करतं आहे?

मॅडमनी शनिवारी सगळ्यांना बोलावलं. मुलांच्या छोट्या खुर्च्यांवर मोठी माणसं गुडघे वर करून बसली होती. मॅडमनी इंग्रजीतून आजींबद्दल सांगितलं आणि मला म्हणाल्या, तुम्ही रोज असता, तुम्ही सांगा. मी मुलीकडून एक इंग्रजी वाक्य घोकून आले होते. उभी राहिले, ‘शी इज आजी’ इथपर्यंत गेले आणि पुढचं सगळं पुसलं गेलं. मग मी सरळ मराठीत बोलले, जिथे अडेल तिथे हिंदीत.

“मुलांना आजी सांभाळत नाहीत,” मी म्हणाले. “मुलांना मी सांभाळते आणि आजींनाही मीच सांभाळते. त्यांच्या एकटीच्या हातात मी मूल देणार नाही. त्या थोपटतात तेव्हा मी शेजारी असते. एवढंच आहे.”

मग त्या खिडकीतल्या मुलीचे वडील, ते चाकणला गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर आहेत, हिंदीत म्हणाले की त्यांची मुलगी घरी गेल्यावर उशीला थोपटत बसते, हे कुठून शिकली ते आम्हाला आज कळलं. त्यांची आई गावी होती, तिने नातीला अजून मांडीवर घेतलेलं नव्हतं. आमची काही हरकत नाही, ते म्हणाले. बाकीच्यांनीही माना हलवल्या. ज्या आईने निरोप टाकला होता तिला मात्र पटलं नाही. तिने पुढच्या महिन्यापासून मुलाला मोशीच्या दुसऱ्या पाळणाघरात घातलं. भांडण नाही, काही नाही. जाताना मुलाने मला मिठी मारली आणि तिने थँक्यू म्हटलं. मला त्या मुलाची बरेच दिवस आठवण यायची.

मॅडमनी मग नियम करून दिले. आजींनी साडेदहाला यायचं आणि मुलं झोपून उठली की घरी जायचं. मुलाला एकट्याने उचलायचं नाही, काही भरवायचं नाही. वहिनीने सुरुवातीला दोन आठवडे दाराजवळ खुर्ची टाकून बसायचं. ती बसायची, पर्स मांडीवर ठेवून, डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी. मग मीच तिला घरी पिटाळायला लागले. एके दिवशी ती चारच्या पुढे आली, केस विस्कटलेले, गालावर उशीची घडी उमटलेली. म्हणाली, “आडवी झाले आन् डोळाच लागला, ताई. किती वर्सानी दुपारची झोपले.” तिला त्याचा संकोच वाटत होता. मी तिला चहा दिला.

आजींना एकाही मुलाचं नाव लक्षात राहायचं नाही. सगळ्यांना त्या ‘राजा’ आणि ‘बाय’ म्हणायच्या. मुलांना त्याचं काही वाटायचं नाही. त्यांच्या नऊवारीच्या काठावरून छोट्या गाड्या चालवायला त्यांना आवडायचं. भाषेची मात्र मजा झाली. केरळच्या मुलाची आई एकदा मला फोनवर म्हणाली, हा घरी काहीही विचारलं की ‘व्हय’ आणि ‘न्हाई’ म्हणतो, हे मराठीच आहे ना? मी म्हटलं, मराठीच आहे, इथल्या मातीतली आहे. त्यावर ती म्हणाली, आणि ‘काय करायलास’? ते माझं होतं, परभणीचं. तेही मराठीच आहे, असं मी तिला सांगितलं आणि आम्ही दोघी हसलो.

पुढच्या पावसाळ्यात मला चिकुनगुनिया झाला. बोटं वळेनात, चमचा धरवेना. नवऱ्याने शिफ्ट बदलून घेतली, मुलगी कॉलेज बुडवून घरी थांबली, तरी मला पाळणाघराचीच काळजी. मी पडल्या पडल्या मोबाइलवर बोलून मॅडमना निरोप टाकत होते, कुणी जेवलं का, कुणी रडतंय का. मॅडमचं उत्तर इंग्रजीतच आलं. लुक आफ्टर युवरसेल्फ. ते मी दोनदा वाचलं. आपण स्वतःचंही लुक आफ्टर करू शकतो, हे तोवर माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मराठीत आपण म्हणतो, जरा स्वतःकडे बघ. पण ते बहुतेक वेळा रागावून म्हणतो.

त्या दिवसांत वहिनी रोज वर यायची. हुलग्याचं माडगं करून आणायची, मला बसतं करून पाजायची. मला लाज वाटायची. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्यांच्या घरी गावातल्या बंगल्यातली बाई भांडं घेऊन जिना चढते, हे सोसायटीतल्या लोकांनाही नवल होतं. एकदा लिफ्ट सुरू होती म्हणून तिने आजींनाही आणलं. आजींनी मला ओळखलं नाही. पण मी आडवी आहे हे बघून त्या पायथ्याशी बसल्या आणि माझ्या पायावर थोपटायला लागल्या. सांधे इतके दुखत होते की कुणी हात लावला तरी कळ यायची. त्यांना थांबा म्हणवेना. थोड्या वेळाने दुखायचं कमी झालं की मला झोप लागली, ते सांगता येणार नाही. उठले तेव्हा खोलीत कुणी नव्हतं आणि पातेलं घासून पालथं घातलेलं होतं.

मी बरी होईपर्यंत पाळणाघरात माझ्या जागी वहिनीच उभी राहिली होती. मॅडमनी तिला कामावर येता का विचारलं. घरी थोडी कुरकुर झाली. तिचे मालक चांगले आहेत, पण गावातलं घर, स्वतःचं वाळू-सिमेंटचं दुकान, आणि बायको आपल्याच विकलेल्या जमिनीवरच्या गाळ्यात दुसऱ्याची पोरं सांभाळणार, हे त्यांना जड जात होतं. ते मला जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, “ताई, आमच्यात बाया असं काम करत न्हाईत.” वहिनी मागेच उभी होती. ती म्हणाली, “घरी बी त्येच करते की. हितं निदान कुनी मावशी म्हनून हाक मारतंय.” सोमवारी सकाळी त्यांनीच तिला गाडीवरून दारात सोडलं.

आता आजींचे गुडघे गेले. त्या चालत येत नाहीत. म्हणून गुरुवारी आम्हीच मोठ्या मुलांना एका दोरीला धरायला लावून पिवळ्या बंगल्याच्या ओसरीवर नेतो. वहिनीने तिथे सतरंजी टाकलेली असते. आजी खुर्चीत असतात. कधी बोलतात, कधी नुसत्या बघत बसतात. ओडिशाचं कुटुंब होसूरला बदली होऊन गेलं; ती मुलगी आता शाळेत जाते आणि तिच्या आईने पाठवलेल्या फोटोत ती मला ओळखूच आली नाही, एवढी उंच झाली आहे.

परवाच्या गुरुवारी वहिनीने शेंगा उकडल्या होत्या. मुलं सोलत कमी होती आणि सांडत जास्त होती. तिने मला विचारलं, ग्रुपवर एका आईने सकाळी काय लिहिलं आहे, ‘लुक फॉरवर्ड’ म्हणजे काय? पुढे बघा असं आहे का? मी म्हणाले, जोडीने घ्यायचं, पण काय होतं ते मलाही नक्की माहीत नाही. संध्याकाळी पोरीला विचारते. तिने मान डोलावली आणि शेंगांचं टोपलं माझ्याकडे सरकवलं. समोरच्या मोकळ्या प्लॉटवर नव्या बिल्डिंगीचा पाया खणायला घेतला होता. मुलं शेंगा टाकून जेसीबी बघायला कुंपणाशी गेली, आणि आम्ही दोघी त्यांच्या मागे गेलो.